न विझणारे फ्लॅशर

आमच्या पिढीची पिनबॉलशी ओळख झाली ती शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. सर बाहेर गेले की विंडोज एक्सपीवरचा ‘स्पेस कॅडेट’ उघडायचा. झेड दाबलं की डावा फ्लिपर, स्लॅश दाबलं की उजवा. खरं मशीन मात्र मी पाहिलं ते थेट गेल्या वर्षी, शिकागोजवळ राहणाऱ्या मामेभावाच्या तळघरात. दादाने १९८०च्या दशकातलं एक जुनं मशीन स्वस्तात उचललं होतं. त्याच्या फ्लॅशरचे जुने दिवे काढून एलईडी बसवायचे, एवढंच आमचं शनिवारचं काम.

फ्लॅशर म्हणजे पिनबॉलमधले विजेसारखे चमकणारे मोठे दिवे. जॅकपॉट लागला, चेंडू रॅम्पवर चढला, की ते क्षणभर लखलखतात. तारेचे हे दिवे भरपूर तापतात. वर्षानुवर्षांच्या त्या उष्णतेने आजूबाजूचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, वाकतं. म्हणून एलईडी.

संध्याकाळपर्यंत सगळे बसवून झाले. मशीन चालू केलं. खेळ सुरू नव्हता, तरी सगळे फ्लॅशर मंद तेवत होते.

“अरे, ते बंद कर की.”

“दादा, बंदच आहेत ते.”

हे कोडं सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि उत्तर शोधताना मी पिनबॉलच्या इतिहासात शिरलो.

हा खेळ मूळचा दिव्यांचा नाहीच. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेल नावाच्या जुन्या खेळाला स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतलं. १९३१ साली डेव्हिड गॉटलिब यांचं ‘बॅफल बॉल’ आलं, तेव्हाही त्यात वीज नव्हती आणि फ्लिपरही नव्हते. नाणं टाकायचं, चेंडू सोडायचा आणि बघत बसायचं. मंदीच्या काळात तेवढी करमणूक लोकांना परवडत होती. १९३३ साली हॅरी विल्यम्स यांनी ‘काँटॅक्ट’मध्ये बॅटरी आणली. फ्लिपर आले ते १९४७च्या ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये.

मधल्या काळात हा खेळ जुगार ठरला. १९४२ साली न्यूयॉर्कच्या महापौर ला ग्वार्डिया यांनी त्यावर बंदी आणली, मशिनं हातोड्यांनी फोडली गेली. ती बंदी थेट १९७६ साली उठली. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या लोकांसमोर चेंडू कुठे जाणार ते आधी सांगून तिथेच मारून दाखवला. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं.

बंदी उठली आणि लगेच व्हिडिओ गेम आले. आता पिनबॉलला गिऱ्हाईक ओढायचं तर स्क्रीनवर जे होऊ शकत नाही ते करून दाखवणं भाग होतं. मायक्रोप्रोसेसर आले होतेच. १९७९ साली विल्यम्स कंपनीचं ‘गॉर्गर’ बोलू लागलं. १९८६ साली स्टीव्ह रिची यांचं ‘हाय स्पीड’ आलं. पोलिसांनी गाडीचा पाठलाग केल्याची त्यांची स्वतःची गोष्ट त्यात होती, आणि डोक्यावर गरगर फिरणारा दिवाही. प्रकाशाचा खेळ आता कोडमध्ये लिहिला जात होता.

पण कोड झटपट चालतं आणि दिव्याची तार आळशी असते. तिला तापून उजळायला वेळ लागतो. शिवाय थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या तारेच्या जवळजवळ एक दशांश असतो. म्हणजे दिवा लागण्याच्या पहिल्या क्षणी करंटचा लोंढा येतो आणि तो ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर बसतो.

यावर त्या काळच्या विल्यम्सच्या सिस्टिम ११ मशिनांमध्ये इंजिनिअरांनी साधी युक्ती केली. दिवा बंद असतानाही ३३० ओहमच्या एका रेझिस्टरमधून थोडासा करंट तारेतून वाहता ठेवायचा. तार कोमट राहते, पण उजळत नाही. आज्ञा मिळताच ती चटकन पेटते आणि लोंढाही कमी होतो. आपल्याकडे थंडीत स्कूटर काढायच्या आधी इंजिन जरा गरम करतात, तसंच हे.

आमच्या कोड्याचं उत्तर हेच होतं. जो करंट तारेला जेमतेम कोमट करतो, तो एलईडीला उजळायला पुरून उरतो. मशीन बिघडलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेलं काम ते इमानाने करत होतं, फक्त ज्याच्यासाठी करायचं ती तार आता तिथे नव्हती.

उपाय सोपा आहे: तो रेझिस्टर कापून टाकायचा. कटर हातात घेतला आणि मी थांबलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जुन्या प्रोग्रॅममधली ‘निरुपयोगी’ ओळ काढली होती. शेजारी कॉमेंट नव्हती, काही सेकंद थांबण्यापलीकडे ती काही करत नव्हती. रात्री दोन वाजता कळलं की दुसरी एक सिस्टिम त्याच थांबण्यावर अवलंबून होती. ‘स्पेस कॅडेट’चंही असंच झालं. विंडोज ६४-बिटवर नेताना चेंडू वस्तूंच्या आरपार जाऊ लागला. कोड बाहेरून घेतलेला, त्यात कॉमेंट जवळपास नाहीतच, त्यामुळे चूक सापडेना आणि शेवटी खेळच वगळावा लागला, असं मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी लिहून ठेवलंय.

१९८६ साली या इंजिनिअरांपुढे एलईडीचा पर्यायच नव्हता. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ सालीच केला होता, पण प्रखर निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली आणला, आणि पांढरा त्यातूनच पुढे आला. नाकामुरा यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत २०१४ साली नोबेल मिळालं. तोवर विल्यम्सने ऑक्टोबर १९९९ मध्ये पिनबॉलचा विभागच बंद केला होता. रेझिस्टर लावणारी माणसं कधीच दुसरीकडे गेली होती. विचारणार कुणाला?

आम्ही मोजून, तपासून रेझिस्टर कापले. दिवे विझले. मग खेळून पाहिलं, आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. तार विझताना रेंगाळते, एलईडी खटकन विझतो. त्या प्रोग्रॅमरने दोन चमकांमधली वेळ लिहिली होती ती रेंगाळणं गृहीत धरून. आता तोच खेळ जरा खडबडीत, डोळ्यांना टोचणारा वाटत होता. एलईडीला हळूहळू विझायला लावणारे बोर्ड हल्ली मिळतात. दादा म्हणाला, “बघू पुढच्या पगाराला.”

मागच्या कोपऱ्यातल्या एका फ्लॅशरमध्ये आम्ही जुनाच दिवा परत लावला आणि त्याचा रेझिस्टर जोडून दिला. बाकीचे कापलेले रेझिस्टर एका पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत चिकटवले. सोबत चिठ्ठी ठेवली: काय काढलं, कुठून, का काढलं, परत कसं जोडायचं, आणि खाली तारीख.

ती कॉमेंट कुणीतरी लिहायलाच हवी होती.