उंची न मोजणारं यंत्र

सकाळी दहा वाजता बारामतीच्या धावपट्टीशेजारी विमान उभं करा, आल्टिमीटरवरचा आकडा टिपून ठेवा आणि दुपारी चारला परत या. विमान दोरखंडांनी जमिनीला बांधून ठेवलेलं असलं तरी तबकडी सांगेल की ते शंभरएक फूट वर गेलंय. यंत्र बिघडलेलं नसतं. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. दिवसा दहाच्या सुमारास तो सगळ्यात जास्त असतो आणि चारच्या सुमारास सगळ्यात कमी. दोन्हींत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक पडतो. हवेची ही भरती-ओहोटी युरोपातही येते, पण तिथल्या सतत बदलत्या हवेच्या गोंधळात ती हरवून जाते. आपल्याकडे कोरड्या ऋतूत तिच्यावर घड्याळ लावावं. खालच्या हवेत एक हेक्टोपास्कल म्हणजे अठ्ठावीस-तीस फूट. पुढचा हिशोब सोपा आहे.

मेटच्या, म्हणजे हवामानशास्त्राच्या, पेपरची तयारी करणाऱ्या विद्यार्थी वैमानिकाला हे अगदी सुरुवातीलाच शिकवतात. आल्टिमीटर मोजतो दाब आणि सांगतो उंची. बहुतेक मुलं तेवढं वाक्य पाठ करून ढगांच्या धड्याकडे वळतात, कारण ढग दिसतात आणि दाब दिसत नाही. मला वाटतं, त्यांनी इथे जरा रेंगाळायला हवं. या एका तबकडीचं कूळ शोधत गेलं तर मेटचा बराचसा अभ्यास वाटेतच होऊन जातो.

हे कूळ सुरू होतं फ्लॉरेन्समध्ये, १६४४ साली. एव्हांजेलिस्ता टॉरिचेल्ली यानं काचेच्या नळीत पारा भरून ती पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा उतरला आणि भांड्यापासून साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबला. तो तोलून धरला होता बाहेरच्या हवेच्या वजनानं. मात्र टॉरिचेल्लीला त्या वजनापेक्षा त्याच्या बदलांत रस होता. हवा कधी जड, कधी हलकी होते, ते दाखवणारं उपकरण आपल्याला हवं होतं, असं त्यानं मित्राला पत्रातून कळवलं होतं.

उंचीचा प्रश्न काढला फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालनं. आपण हवेच्या तळाशी राहत असू, तर डोंगरावर डोक्यावरची हवा कमी भरली पाहिजे आणि पारा खाली उतरला पाहिजे. पास्कालची प्रकृती नाजूक होती आणि मुक्काम पॅरिसला. डोंगर होता त्याच्या गावी, क्लेरमाँला. म्हणून काम गेलं मेहुण्याकडे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्लोराँ पेरिए यानं मठाच्या बागेत दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, दोन्हींत पारा एकाच पातळीवर असल्याची खात्री केली, आणि एक नळी तिथेच एका साधूच्या हवाली केली: दिवसभर बघत राहा, हलते का. दुसरी घेऊन तो प्युई द डोम चढला. माथ्यावर पारा तीन इंचांहून जास्त उतरला होता. पेरिएनं तिथे पाच वेळा मोजणी केली, देवळाच्या आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात. आकडा तोच. खाली आल्यावर साधूनं सांगितलं, माझा पारा जागचा हलला नाही. (ही कल्पना पास्कालला आपणच सुचवली, असं देकार्त नंतर सांगत राहिला. तशी प्रथा सगळ्याच शास्त्रांत आहे.)

सगळी गोम त्या साधूत आहे. खाली कुणी राखण करत बसलं नसतं, तर पारा उतरला तो डोंगर चढल्यामुळे की हवा बदलल्यामुळे, हे पेरिएला सांगता आलं नसतं. पुढची दोनेक वर्षं त्यानं क्लेरमाँमध्ये रोज नोंदी ठेवल्या. तशाच नोंदी पॅरिसला आणि थेट स्टॉकहोमला चालू होत्या. त्यांत दिसलं की जागेवरून न हलताही पारा हवेप्रमाणे वर-खाली होतो. उंचीनं दाब बदलतो हे ज्यानं सिद्ध केलं, त्यानंच तो हवेनंही बदलतो हे वहीत उतरवलं. आल्टिमीटर आणि बॅरोमीटर ही एकाच घरात वाढलेली जुळी भावंडं, आणि आजही त्यांना एकमेकांपासून पूर्ण वेगळं करता येत नाही.

पाऱ्याची नळी घेऊन उडता येत नाही असं नाही. १ डिसेंबर १७८३ ला जाक शार्ल हायड्रोजनच्या बलूनमधून वर गेला तेव्हा त्याच्याकडे बॅरोमीटर होता. पण काच, पारा आणि हेलकावे यांचं जमत नाही. सुटका केली ल्युसिआँ विदी या फ्रेंच माणसानं, १८४४ मध्ये. त्यानं धातूची चपटी, नागमोडी पत्र्याची डबी केली आणि तिच्यातली हवा काढून टाकली. बाहेरचा दाब वाढला की डबी दबते, कमी झाला की फुगते, आणि तिची ती केसभर हालचाल तरफांनी वाढवून काट्यापर्यंत नेली जाते. हाच ॲनरॉइड बॅरोमीटर. विदीचं पुढचं आयुष्य बरंचसं पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत गेलं. साध्या सेस्ना विमानाच्या आल्टिमीटरमध्ये आजही त्याचीच डबी असते, एकीवर एक रचलेली.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांना हे यंत्र मिळालं तेव्हा ते दोन-चारशे फुटांनी सहज चुकायचं. त्याचं कुणाला फारसं वाटत नसे, कारण उतरताना वैमानिक डोळ्यांनी जमीन बघूनच उतरे. धुकं पडलं की मात्र पंचाईत. हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये सोडवला पॉल कोल्समन या जर्मनीहून आलेल्या तरुणानं. १९२८ मध्ये त्यानं ब्रुकलिनला स्वतःचा छोटा कारखाना काढला. डबी विदीचीच ठेवली, पण चाकं-दाते घड्याळाच्या तोडीचे बसवले. आता काटा काही फुटांपर्यंत खरं बोलू लागला. २४ सप्टेंबर १९२९ ला लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवरून वैमानिक जिमी डूलिटल उडाला, तो कॉकपिटवर पूर्ण झाकण घालून. पुढच्या जागेवर खबरदारी म्हणून बेन केल्सी बसला होता, हात सगळ्यांना दिसतील असे बाहेर ठेवून. बाहेरचं काहीही न पाहता डूलिटलनं विमान उडवलं, वळवलं आणि पंधरा मिनिटांत पुन्हा त्याच मैदानावर उतरवलं. समोर स्पेरीची जायरो यंत्रं होती, रेडिओ होता आणि कोल्समनचा आल्टिमीटर होता.

पण काटा अचूक झाला की मूळची अडचण अधिकच उघडी पडते. यंत्र दाब बरोबर मोजत असेल, तर हवा बदलल्यावर ते उंचीही बरोब्बर तेवढीच चुकीची सांगणार. त्यावरचा उपाय म्हणजे तबकडीच्या कडेला असलेली छोटी खिडकी आणि तिच्याशेजारचा नॉब. खिडकीत दाबाचा आकडा दिसतो. नॉब फिरवून जमिनीवरचा आजचा आकडा तिथे आणायचा, म्हणजे काटाही त्या हिशोबानं सरकतो. या खिडकीला वैमानिक अजूनही ‘कोल्समन विंडो’च म्हणतात. क्लेरमाँच्या मठातल्या साधूची जागा तिनं घेतली. खाली राहून पाऱ्यावर लक्ष ठेवणारा माणूस आता टॉवरमधून बोलतो.

बोलतो कुठल्या भाषेत? तारायंत्राच्या. ब्रिटिशांनी १९०९ च्या सुमारास जहाजांच्या बिनतारी संदेशांसाठी क्यू अक्षरानं सुरू होणारे तीन अक्षरी संकेत केले. पुढे विमानांनी त्यातला एक मोठा गट आपल्यासाठी राखून घेतला. त्यातले दोन विद्यार्थ्याच्या मानगुटीवर कायमचे बसलेत. क्यूएफई लावला तर धावपट्टीवर काटा शून्य दाखवतो. क्यूएनएच लावला तर तो धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. लोहगावला उभं असताना सुमारे १,९४० फूट, जुहूला जेमतेम काही फूट. ब्रिटिश वायुदल आणि रशिया यांची भिस्त बराच काळ क्यूएफईवर होती. मला क्यूएनएच अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण नकाशावरचे डोंगर समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात आणि सिंहगडाला लोहगावच्या शून्याशी काही देणंघेणं नाही.

हा आकडा आपल्याकडे देतं भारतीय हवामान खातं. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं ते १९२८ मध्ये, म्हणजे कोल्समननं कारखाना काढला त्याच वर्षी. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हे खातं मोजतं त्या दाबावर विमानं उतरतात?

हे झालं जमिनीजवळचं. वर गेल्यावर वेगळीच गंमत सुरू होते. मुंबईहून दिल्लीला जाणारं विमान वाटेत दर जिल्ह्याला नवा क्यूएनएच लावत बसलं आणि समोरून येणाऱ्याचा लावायचा राहिला, तर? म्हणून ठरावीक उंचीच्या वर सगळ्यांनी खिडकीत एकच आकडा लावायचा: १०१३.२५. तो टॉरिचेल्लीच्या नळीतलाच, ७६० मिलिमीटर पारा, नव्या एककात सांगितलेला. त्याच्यामागे एक काल्पनिक वातावरण आहे. समुद्रसपाटीला तापमान १५ अंश, दर हजार फुटांना जवळपास दोन अंशांनी घटणारं, आणि हवा संपूर्ण कोरडी. असा दिवस मुंबईत कधी उजाडलेला नाही आणि उजाडणारही नाही. तरीही अख्ख्या जगाची विमानं या न उजाडलेल्या दिवसावर उडतात.

याला बनवाबनवी म्हणावंसं वाटतं, पण विचार केला की तिची सोय पटते. गावातली सगळी घड्याळं दहा मिनिटं मागे असली तरी कुणाची एसटी चुकत नाही, फक्त ड्रायव्हरचं घड्याळही त्याच गावचं हवं. वरच्या आकाशात खरी उंची किती, हे बिनमहत्त्वाचं असतं. माझ्या आणि तुमच्या विमानात हजार फूट आहेत की नाहीत, एवढंच महत्त्वाचं. दोघांची चूक सारखी असेल तर अंतर बरोबर राहतं. ‘जीपीएस असताना ही डबी कशाला?’ असं मुलं विचारतात, त्यांना हेच उत्तर. एकानं खरी उंची धरली आणि दुसऱ्यानं दाबाची, तर त्या दिवशी खरं बोलणाराच धोकादायक. विमानाचा ट्रान्सपाँडरसुद्धा उंची कळवताना नॉबवर काय लावलंय ते बघत नाही, तो कायम १०१३.२५ वरच बोलतो. पूर्वी २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत २,००० फूट ठेवावे लागत, कारण इतक्या विरळ हवेत डबीवर विश्वास नव्हता. यंत्रं सुधारली तसं ते अंतर १,००० वर आलं, उत्तर अटलांटिकवर १९९७ पासून आणि आपल्या आकाशात २००३ पासून.

तापमानाचा हिशोब थोडक्यात. हवा प्रमाणापेक्षा दहा अंश गार असली की काटा सुमारे चार टक्के जास्त उंची दाखवतो, गरम असली की तितकी कमी. विदर्भातल्या मे महिन्यात ही चूक आपल्या बाजूची असते. हिवाळ्यात लडाखच्या डोंगरांत ती जिवावर बेतू शकते.

आणि माणसाची चूक? जुन्या आल्टिमीटरला तीन काटे असत, शेकड्याचा, हजाराचा आणि दहा हजारांचा. शेवटचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचा. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकी वैमानिकांच्या वाचनचुका गोळा केल्या, तेव्हा या तबकडीचं नाव त्यात ठळक होतं. तरी ती वापरात राहिलीच. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये दोन विमानं, एक एप्रिलमध्ये आणि एक नाताळच्या आदल्या दिवशी, दहा हजार फुटांची गल्लत होऊन जमिनीवर आदळली. दुसऱ्यात नऊ माणसं गेली. ही चूक वैमानिकांच्या माथी मारणं मला पटत नाही. तबकडी आखणाऱ्यानं ती आखूनच ठेवली होती.

नॉबची चूक मात्र आजही होते. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर पाऊस होता आणि नेहमीची उतरण्याची रेडिओ यंत्रणा बंद होती, त्यामुळे विमानं दाबाच्या उंचीवर भरवसा ठेवून उतरत होती. नियंत्रकानं एका एअरबसला १००१ ऐवजी १०११ सांगितला. वैमानिकांनी तोच लावला, तोच परत म्हणून दाखवला. दहा हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २८० फूट. कॉकपिटमधले आकडे सगळे ठीक होते आणि विमान ढगांतून, धावपट्टी दीड किलोमीटर दूर असताना, जमिनीपासून सहा फुटांवर आलं. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिक आधीच वर निघाले होते, म्हणून सगळे वाचले.

मुंबईचा जानेवारीतला सरासरी दाब आणि जुलैतला सरासरी दाब यांत जवळपास एवढाच, दहा हेक्टोपास्कलचा, फरक असतो. तेव्हा बारामतीत किंवा धुळ्यात शिकणाऱ्या मुलामुलींना एकच विनंती. टॉवरनं क्यूएनएच सांगितला की तो मोठ्यानं परत म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका. निघण्यापूर्वी वाचलेल्या मेट रिपोर्टातल्या आकड्याशी तो ताडून बघा. आसपास चक्रीवादळ नसताना तासाभरात दाब दहा हेक्टोपास्कलनं बदलत नाही. बदललेला दिसला तर लाजू नका, पुन्हा विचारा.