‘ज्युनियर’ या शब्दानं खाल्लेले सात आठवडे: आरओटीसी आणि दोन वर्षांची कॉलेजं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सात आठवडे एका चुकीच्या शब्दामागे घालवले. ते कसे गेले ते सांगते. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता सिनॉप्सिसच्या टप्प्यावर असाल आणि हा खड्डा तुमच्याही वाटेवर आहे.

माझा प्रश्न तसा साधा होता. अमेरिकेत लष्करी अधिकारी होण्याचे मुख्य रस्ते तीन. एक म्हणजे वेस्ट पॉइंटसारखी अकादमी. दुसरा, पदवीनंतरचं ऑफिसर कँडिडेट स्कूल. तिसरा, साध्या कॉलेजात शिकता शिकता घ्यायचं प्रशिक्षण, म्हणजे रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, थोडक्यात आरओटीसी. आपल्या एनसीसीसारखं काहीतरी असं मी घरी सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट हातात आलं म्हणून कुणी लेफ्टनंट होत नाही, पुढं एसएसबी उभी असतेच. आरओटीसी पूर्ण केलेला विद्यार्थी मात्र पदवीबरोबरच सेकंड लेफ्टनंट होतो. कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून १९५८ साली असेच लष्करात गेले. जमैकातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, सरकारी कॉलेज, आणि पुढं जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफचे अध्यक्ष.

आता अमेरिकेत चार वर्षांच्या विद्यापीठाशिवाय दोन वर्षांचीही कॉलेजं असतात, त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. फी कमी, राहायचं घरीच, बरेच विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतात. दोन वर्षं तिथं काढून पुढं विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. माझा प्रश्न असा होता की, या कॉलेजातल्या मुलाला अधिकारी होता येत होतं का? येत असेल तर कधीपासून, आणि कुठल्या दारानं?

मी काय केलं? १९१६ पासूनचे कायदे आणि अहवाल उघडले आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ शोधायला बसले. काही नाही. तीन आठवडे काही नाही. मग कळलं की हे नाव रुळलं ते १९४७ च्या ट्रुमन आयोगाच्या अहवालानंतर. त्याआधी या संस्थांना ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणत. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ चं आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी सहा विद्यार्थ्यांवर ते सुरू केलं. म्हणजे संस्था आधीपासून होती, मी मात्र तिला तिच्या नातवंडांच्या नावानं हाका मारत होते.

मग मी ‘ज्युनियर’ शोधलं आणि लगेच सापडलं! १९१६ च्या नॅशनल डिफेन्स अॅक्टमध्ये, जिथं आरओटीसीचा जन्म झाला तिथंच, दोन विभाग केलेले होते: ‘सीनियर डिव्हिजन’ आणि ‘ज्युनियर डिव्हिजन’. मला वाटलं, मिळालं. ज्युनियर कॉलेजांसाठी ज्युनियर डिव्हिजन. पुढचे चार आठवडे मी त्यावर बारा पानं लिहिली.

माझ्या गाईड मॅडमनी ती पानं वाचली आणि एवढंच म्हणाल्या, “अगं, हे हायस्कूल आहे.”

आपल्याला हसू येईल, पण चूक कुठून आली ते बघा. महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं. आणि अमेरिकन कायद्यातला ‘ज्युनियर डिव्हिजन’ म्हणजे मुख्यतः शाळकरी मुलं. एकच शब्द, तीन वयं. माझ्या डोक्यात तिन्हींची भेळ झाली होती. भर म्हणजे अमेरिकन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ‘ज्युनियर’च म्हणतात.

मग मॅडमनी मला कलम ४० वाचायला लावलं. शोधून नाही, पहिल्या ओळीपासून, सावकाश. सांगते काय आहे ते, कारण सगळा विषय या एका वाक्यात आहे. सीनियर डिव्हिजन, म्हणजे ज्यातून अधिकारी तयार होणार तो विभाग, अशा विद्यापीठांत आणि कॉलेजांत काढता येईल जिथं पदवीसाठी चार वर्षांचं शिक्षण लागतं. बाकीच्या सगळ्या सरकारी-खासगी शिक्षणसंस्थांसाठी ज्युनियर डिव्हिजन. बस्स. दोन वर्षांच्या कॉलेजाचं नाव कुठंच नाही. ‘बाकीच्या सगळ्या’ या दोन शब्दांत ते हायस्कूलच्या रांगेत जाऊन उभं राहिलं.

हे कुणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती १८६२ च्या मॉरिल अॅक्टमधली सरकारी विद्यापीठं. लिंकननी सही केलेल्या त्या कायद्यानं राज्यांना जमिनी दिल्या, शेती आणि यंत्रविद्या शिकवा म्हणून, आणि त्यातच लष्करी डावपेचही शिकवा असं घातलं. म्हणजे १९१६ साली वॉशिंग्टनला हवी तेवढी विद्यापीठं आयती मिळाली होती. ज्युनियर कॉलेजं तेव्हा तुलनेनं कमीच, त्यांतली कित्येक तर हायस्कूलच्याच इमारतीत भरायची. दुर्लक्ष झालं म्हणा. पण संशोधनात एक गोष्ट लक्षात ठेवा: दुर्लक्षाचे परिणाम हेतूच्या परिणामांपेक्षा कमी टिकाऊ नसतात. १९२० च्या दुरुस्तीत ‘चार वर्षं’ हे शब्द जाऊन ‘पदवी देणारी’ असे आले, रेघ साधारण तिथंच राहिली.

पण त्याच कलमात एक अपवाद होता, आणि खरं सोनं तिथंच होतं. ज्या शाळा पदवी देत नाहीत पण मुळातच लष्करी धर्तीच्या आहेत, आणि युद्धमंत्र्यांनी तपासणीनंतर ज्यांना लायक ठरवलं आहे, त्यांनाही सीनियर डिव्हिजन मिळू शकेल असं म्हटलं होतं. म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज हरकत नाही, पण तिथं गणवेश, कवायत, बिगूल आणि वसतिगृह पाहिजे. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला, अलाबामात मॅरियनला, जॉर्जियात मिलेजव्हिलला अशा संस्था होत्या आणि आजही आहेत. यांना आता मिलिटरी ज्युनियर कॉलेज म्हणतात. त्यांच्यात ‘अर्ली कमिशनिंग प्रोग्रॅम’ नावाचा एक विलक्षण प्रकार चालतो: विद्यार्थी दोन वर्षांतच सेकंड लेफ्टनंट होतो, पदवी हातात नसताना! मग राखीव दलात राहून पुढची दोन वर्षं कुठल्या तरी विद्यापीठात पदवी पुरी करायची. मिसूरीतली वेंटवर्थ ही अशीच जुनी संस्था २०१७ मध्ये बंद पडली, तेव्हा हे दार आणखी अरुंद झालं.

आता गंमत बघा. दोन वर्षांत अधिकारी करता येतो हे लष्कराला मान्य होतं. अडचण वर्षांची नव्हतीच. घरून डबा घेऊन येणारा, संध्याकाळी पेट्रोलपंपावर काम करणारा विद्यार्थी मात्र या अपवादात बसत नव्हता. माझ्या प्रबंधाचा पहिला खरा मुद्दा मला इथं सापडला, आणि तो बारा पानं फाडल्यावर सापडला.

दुसरं दार उघडलं १९६४ साली. त्याची पार्श्वभूमी जरा विस्तारानं सांगायला हवी. कित्येक सरकारी विद्यापीठांत पहिली दोन वर्षं आरओटीसी सक्तीची होती. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही मेथडिस्ट विद्यार्थ्यांनी धर्माच्या कारणावरून ती नाकारली, पण १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यापीठाच्या बाजूनं निकाल दिला. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याच विद्यापीठाच्या बर्कलेच्या आवारात फ्रेड मूर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसला. त्याचे वडील हवाई दलात कर्नल होते. (याच मूरनं पुढं १९७५ मध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू करण्यात हात लावला, ज्यातून अॅपलचे लोक पुढं आले. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) १९६२ मध्ये तिथली सक्ती गेली. इतर विद्यापीठांतही ती जात होतीच. आता सक्ती नाही म्हटल्यावर पहिल्या वर्षाची गर्दी ओसरणार, हे लष्कराला दिसत होतं. आणि दुसऱ्या बाजूनं ज्युनियर कॉलेजांतून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात येणाऱ्यांचा लोंढा वाढत होता. ती मुलं हवी होती, पण त्यांची पहिली दोन वर्षं आरओटीसीविना गेलेली.

तोडगा निघाला तो आरओटीसी व्हायटलायझेशन अॅक्टमध्ये. पहिली दोन वर्षं केली नसतील तर त्याऐवजी उन्हाळ्यात निदान सहा आठवड्यांचं शिबिर करा, आणि थेट शेवटच्या दोन वर्षांच्या प्रगत अभ्यासक्रमात या. लष्कराचं हे शिबिर पुढं केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला भरत राहिलं. याच कायद्यानं लष्कराच्या आणि हवाई दलाच्या आरओटीसीत शिष्यवृत्त्याही आणल्या.

इथं मी एक ढोबळ हिशोब केला, तुम्हीही करून बघा. १९१६ च्या कायद्यात पहिल्या दोन वर्षांसाठी आठवड्याला सरासरी तीन तास प्रशिक्षण होतं. वर्षाचे तीस आठवडे धरले तर दोन वर्षांचे १८० तास. सहा आठवड्यांच्या निवासी शिबिरात रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस धरले तरी २८८ होतात. म्हणजे १९१६ मध्येसुद्धा ही अदलाबदल गणितानं शक्य होती. ती सुचायला ४८ वर्षं लागली, कारण तोपर्यंत ज्यांची गरज होती ते आयते मिळत होते.

आणि वेळ कुठली होती? व्हिएतनाम. पूर्ण वेळ शिकणाऱ्या, पास होत राहणाऱ्या विद्यार्थ्याला सक्तीच्या भरतीतून तात्पुरती सूट मिळे. पैशासाठी कामाचे तास वाढवून एखादा अर्धवेळ विद्यार्थी झाला की सूट धोक्यात. म्हणजे एकाच वर्गातली दोन मुलं: एक उन्हाळ्यात शिबिराला जाऊन विद्यापीठात शिरला, तो लेफ्टनंट म्हणून गेला. दुसऱ्याला उन्हाळ्याचे सहा आठवडे पगाराचं काम सोडणं परवडलं नाही, तो शिपाई म्हणून गेला. कायद्यानं दार उघडलं, पण दारापर्यंतचं भाडं ज्याचं त्यानं भरायचं. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली तरी हे भाडं पुरतं संपलं नाही.

तिसरं दार आजचं. शेजारच्या मोठ्या विद्यापीठात आरओटीसीचं युनिट असतं, आणि आसपासची कम्युनिटी कॉलेजं त्याच्याशी करार करतात. याला ‘क्रॉसटाउन’ म्हणतात. विद्यार्थी शिकतो आपल्या कॉलेजात, पण कवायत आणि लष्करी वर्ग यजमान विद्यापीठात. भल्या पहाटेचा व्यायाम तिथं, मग गाडीनं परत आपल्या वर्गात. शिष्यवृत्ती नसेल तर पहिल्या दोन वर्षांत सेवेचं बंधन नसतं, त्यामुळं आवडलं नाही तर सोडता येतं. करार होतो तो प्रगत टप्प्यात, आणि त्यासाठी चार वर्षांच्या पदवीचा रस्ता ठरलेला लागतो.

आता माझी सध्याची अडचण, जी तुमच्या उपयोगाची आहे. असे किती जण अधिकारी झाले? सरळ आकडा काढायला गेले तर हात रिकामे. कारण कमिशन मिळतं त्या दिवशी हा विद्यार्थी विद्यापीठाचा पदवीधर असतो. नोंद यजमान युनिटची, नाव विद्यापीठाचं. त्याची पहिली दोन वर्षं कागदावरून पुसली जातात. मायकेल नायबर्ग यांचं ‘मेकिंग सिटिझन-सोल्जर्स’ हे २००० सालचं पुस्तक आरओटीसीवर वाचायलाच हवं असं आहे, पण त्याचाही भर विद्यापीठांवर आहे, आणि ते स्वाभाविक आहे. कागद जिथं असतात तिथं इतिहासकार जातो.

म्हणून मी उलटीकडून निघाले आहे. विद्यापीठाच्या यादीतून कॉलेजाकडे जाण्याऐवजी कॉलेजांची जुनी विद्यार्थी वृत्तपत्रं आणि वार्षिकांक बघते. कुणी शिबिराहून आला, कुणाची बदली झाली, कुणाचा गणवेशातला फोटो छापला, अशा बारीक बातम्या. बऱ्याच संस्थांनी ही स्कॅन करून ठेवली आहेत, पुण्यात बसून वाचता येतात. स्कॅनमध्ये अक्षरं बिघडलेली असतात, त्यामुळं शब्द टाकून शोधणं फसतं. पान पान उलटावं लागतं. पहिल्या वर्षी मला याचा कंटाळा आला असता.

मॅडमनी परवा विचारलं, आकडा मिळाला नाही तर प्रकरण उभं राहील का? मी म्हटलं, आकड्याऐवजी आकडा का नाही हेच प्रकरण करते. त्या गप्प बसल्या. म्हणाल्या, “लिहून आण, मग बोलू.” पुढच्या महिन्यात द्यायचं आहे. या वेळी आधी व्याख्यांचं कलम वाचलंय.