डेल्को, पॉइंट आणि ओलं फडकं

ताडदेवच्या आरटीओमध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली, ती तारीख होती २९ ऑक्टोबर २००३. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. लोकांनी सिनेमातल्या, पावसातल्या, लग्नाच्या वरातीतल्या आठवणी काढल्या. ते योग्यच झालं. पण या निरोपसमारंभात एक माणूस जरा मागेच राहिला. गाडीखाली गोणपाट टाकून उताणा झोपणारा, ग्रीसने काळा झालेला मिस्त्री. ही गाडी इतकी वर्षं चालली ती कारखान्यामुळे जितकी, तितकीच या माणसामुळे. त्याच्या विद्येचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. म्हणून आज थोडं त्याच्याविषयी.

आधी गाडीची कुळकथा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी व्हायची. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे सरकारने धोरण ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथेच बनवले पाहिजेत. शिवडीला १९२८ पासून असलेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला, त्यामागे हेच कारण होतं. प्रीमियरने मात्र इटलीच्या फियाटचा हात धरला आणि फियाट ११०० इथे बनू लागली. १९६४ साली तिचं ‘डिलाइट’ हे रूप आलं. सत्तरच्या दशकात फियाटशी असलेला करार संपला, तेव्हा त्याच गाडीला आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं.

आता गंमत पाहा. खुद्द इटलीत ही ११०० गाडी १९६९ साली बंद झाली. आपल्याकडे ती जवळपास शतक संपेपर्यंत बनत राहिली. माहेरी जिचं नाव पुसलं गेलं ती सासरी आणखी तीस वर्षं नांदली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरांचं, चाळीसेक अश्वशक्तीचं.

यामागे प्रेम कमी आणि टंचाई जास्त होती, हे कबूल करायला हवं. परवान्यांचा काळ होता. गाडीच्या विक्रीवर आणि पुढे किमतीवरही सरकारचं नियंत्रण होतं. किमतीचा वाद १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशा वेळी घरातली गाडी म्हातारी झाली म्हणून कोण टाकून देणार? ती दुरुस्तच करायची. एकदा नाही, दहादा करायची. त्या सक्तीतून एक विद्या जन्माला आली.

ही विद्या म्हणजे नुसती हातचलाखी नव्हे. तिला शिस्त होती. बंद पडलेल्या पेट्रोल गाडीला चांगला मिस्त्री तीनच प्रश्न विचारायचा. ठिणगी आहे का? पेट्रोल येतंय का? दाब धरतोय का? या तिघांपैकी एक तरी हरवल्याशिवाय असं इंजिन बंद पडत नाही. प्लग काढून वायरीला जोडायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी उडाली की पहिला प्रश्न निकालात. पंपाची नळी सोडवून पेट्रोलची पिचकारी येते का पाहायचं, दुसरा निकालात. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. आतल्या हवेने अंगठा उडवला तर दाब शाबूत. तीन प्रश्न, पाच मिनिटं, आणि दोष कुठल्या घरात लपलाय ते कळलं.

इंजिन चालू आहे पण ‘मिसिंग मारतंय’, म्हणजे चारातला एक सिलिंडर काम करत नाही. तो कोणता? उत्तर वजाबाकीत. एकेका प्लगची वायर काढून पाहायची. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज खाली गेला तर तो सिलिंडर कामाचा. काढूनही काही फरक पडला नाही, तर कामचुकार तोच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ याहून वेगळं काय करतात? पण हे करणारा मुलगा पुष्कळदा चौथी-पाचवीत शाळा सोडून आलेला असे.

धुराची भाषा होती. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेत. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तापलेल्या गाडीतून थांबता न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी आत शिरतंय, हेडचं पॅकिंग गेलं. प्लगच्या टोकाचा रंगही बोलायचा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत. आणि कान! लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून मिस्त्री ऐकायचा, डॉक्टरने स्टेथोस्कोप लावावा तसा. टकटक वरून आली तर व्हॉल्व्हची फट वाढलीय. खालून जड ठोका आला तर बेअरिंगचं दुखणं, खर्च मोठा.

पद्मिनीची दोन दुखणी तर सर्वज्ञात होती. पहिलं पॉइंटचं. ठिणगीसाठी वीज तोडणारे ते दोन इवलेसे पॉइंट सतत जळून काळे पडायचे. पॉलिश पेपरने घासायचे आणि दोघांमधली फट पुन्हा लावायची. फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. मोजायचं हत्यार नसेल तर जाड कागदाचा कपटा, पोस्टकार्डाचा तुकडा कामी यायचा. पॉइंट वारंवार जळू लागले तर हुशार मिस्त्री पॉइंटला दोष न देता शेजारचा कंडेन्सर बदलायचा. लक्षण एकीकडे, रोग दुसरीकडे, हे त्याला ठाऊक असायचं.

दुसरं दुखणं उन्हाळ्याचं आणि घाटाचं. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ त्या पंपाला ओढता यायची नाही. बोरघाट चढताना गाडी गप्प. उपाय काय? बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं आणि गाडी निमूट चालू व्हायची. टंचाईच्या काळातलं भौतिकशास्त्र ते हेच.

मला कवी म्हणून मोह पडतो तो त्यांच्या शब्दांचा. पॉइंट ज्या डब्यात बसतात त्याला आपले मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. हा शब्द आला अमेरिकेतल्या डेटन गावातून. तिथे चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली एका सहकाऱ्यासोबत कंपनी काढली, तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. पेट्रोलचा पंप म्हणजे ‘एसी पंप’. त्याचा थंड हवेशी संबंध नाही. ती आल्बर्ट चॅम्पियन या फ्रेंच माणसाच्या नावाची आद्याक्षरं. हे गृहस्थ आधी सायकलपटू होते. १८९९ साली त्यांनी पॅरिस-रुबे ही अवघड शर्यत जिंकली होती. पुढे अमेरिकेत जाऊन ते प्लग बनवू लागले. कुर्ल्याच्या नाहीतर नागपाड्याच्या गल्लीत उस्ताद पोराला ओरडतो, “एसी पंप खोल, दहा-अकराचा पाना आण,” तेव्हा तो नकळत एका सायकलस्वाराचं नाव घेत असतो. ज्ञान असंच फिरतं. त्याला पासपोर्ट लागत नाही आणि पोहोचल्यावर ते आपली जन्मकथा सांगत बसत नाही.

या साऱ्याला सोन्याचा मुलामा देण्याची गरज नाही. नव्वदच्या दशकात या शहरात साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या आणि त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या इंजिनांचा धूर लोकांच्या फुप्फुसात जात होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीवर यावं लागलं. ते गरजेचंच होतं. मिस्त्रींनी तेही शिकून घेतलं. गॅसवर पंपाच्या ओल्या फडक्याचं काम उरलं नाही, पण कोरड्या गॅसने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात हे त्यांच्या लक्षात आलं. गॅरेजची व्यवस्थाही काही आदर्श नव्हती. ज्या पोराच्या कानाचं आपण कौतुक करतो, त्याने त्या वयात शाळेत असायला हवं होतं.

तरीही प्रश्न उरतो. आजच्या गाडीत डेल्को नाही, पॉइंट नाहीत. इंजिनाचा कारभार संगणक पाहतो. धूर कमी झाला, पेट्रोल वाचलं. उत्तमच. पण दोष शोधायचा तर त्या संगणकाशी बोलणारं यंत्र हवं आणि त्याची पूर्ण किल्ली अनेकदा कंपनीच्याच हातात असते. गल्लीतला मिस्त्री नालायक झाला म्हणून मागे पडला नाही. त्याला दाराबाहेर ठेवण्यात आलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली मोटारींसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचं संकेतस्थळही सुरू केलं. या क्षेत्रांत मोटारीही आहेत. वस्तू आपण विकत घेतली, तर ती उघडून पाहण्याचा, आपल्या विश्वासातल्या माणसाकडून नीट करून घेण्याचा अधिकार आपला की नाही, एवढाच साधा प्रश्न आहे.

पद्मिनी परत येणार नाही आणि यायलाही नको. एखादी संग्रहालयात शोभून दिसेल. पण जी रीत तिच्या बॉनेटखाली घडली, आधी ऐका, मग तीन प्रश्न विचारा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लक्षणाला रोग समजू नका, ती रीत संग्रहालयात ठेवण्याची नाही. ती ज्यांच्या हातात आहे ते अजून आपल्या आसपास आहेत. त्यांना नवी यंत्रं, नवं शिक्षण आणि कंपन्यांकडची माहिती मिळाली, तर उद्याची विजेवर चालणारी गाडीही ते उघडतील. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून नाही, पण त्याच शांतपणे.