शुल्कपावतीचा इतिहास : नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थी-सुविधा शुल्काचा एक विचार

प्रस्तावना :

महाविद्यालयीन प्रवेशाच्या दिवसांत शुल्कपावती हा सर्वांत जास्त हाताळला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा दस्तऐवज होय. शिकवणी शुल्क, प्रवेश शुल्क, ग्रंथालय शुल्क यांच्या खाली जिमखाना, नियतकालिक, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण निधी, सामूहिक अपघात विमा, युवक महोत्सव, आपत्ती व्यवस्थापन अशी लहान लहान शीर्षे असतात. प्रत्येक रक्कम किरकोळ वाटते. तथापि ती सर्वांसाठी अनिवार्य असते व तिची बेरीज अनेकदा शिकवणी शुल्कापेक्षा अधिक होते.

प्रवेश समितीत काम करीत असताना एका पालकाने प्रस्तुत लेखकास विचारले होते, "सर, जिमखाना म्हंजे काय ओ? आमची पोरगी तर सकाळच्या एस.टी.नं येती अन् दुपारच्या एस.टी.नं जाती." त्या वेळी रांग मोठी होती आणि समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. विद्यार्थ्यांच्या सामाईक गरजांचा खर्च नांदेड-लातूर परिसरात कोणकोणत्या काळात कोणी उचलला, हा भार समाजाकडून शासनाकडे व शासनाकडून विद्यार्थ्याकडे कसा सरकला, आणि या प्रवासात विद्यार्थ्याचा अधिकार कोठे राहिला, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. विद्यापीठ कायदे, शिक्षण आयोगांच्या शिफारशी व शिष्यवृत्तीचे नियम हा या मांडणीचा मुख्य आधार आहे.

शुल्क की कर?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. शिरूर मठ खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर व शुल्क यांतील भेद मांडला. कर हा सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने घेतला जातो आणि तो देणाऱ्यास त्याच्या बदल्यात विशिष्ट लाभ मिळेलच असे नसते. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते. पुढील निवाड्यांत न्यायालयाने ही कसोटी सैल केली. दिलेला रुपया आणि मिळालेली सेवा यांचा तंतोतंत मेळ आवश्यक नाही, दोहोंत वाजवी संबंध असला म्हणजे पुरे, अशी भूमिका घेतली गेली. हा निवाडा विद्यापीठाच्या शुल्काविषयी नव्हता. परंतु त्यातील भेद आपल्या विषयास तंतोतंत लागू पडतो. वर उल्लेखिलेल्या पालकाचा प्रश्न वस्तुतः हाच होता. जी मुलगी मैदानावर कधीच पाऊल ठेवू शकत नाही, तिच्याकडून घेतलेली रक्कम शुल्क म्हणावी की कर?

लोकवर्गणीचा कालखंड :

निजामी राजवटीत मराठवाड्यातील उच्च शिक्षण हैदराबादशी बांधलेले होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हेच या प्रदेशाचे विद्यापीठ होते व त्याचे माध्यम उर्दू होते. औरंगाबाद येथे १९२३ साली इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले. या काळात विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी सुविधा म्हणजे वसतिगृह. परंतु सुविधा ज्याच्या हाती, नियंत्रणही त्याच्याच हाती, याचा अनुभव १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत आला. औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांचा सत्तेशी संघर्ष झाला आणि अनेकांना शिक्षणसंस्था सोडाव्या लागल्या. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. वसतिगृहाची खोली ही केवळ निवाऱ्याची बाब नसून नागरिकत्वाचीही बाब आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

याच काळात दुसरा एक प्रवाह लोकाश्रयावर उभा राहिला. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा १९२१ साली स्थापन झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. संस्थानमुक्तीनंतर १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागेही स्वामीजींची प्रेरणा होती. त्याच वर्षी औरंगाबाद येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. लातूर येथे १९६१ मध्ये दयानंद व १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालयाची स्थापना झाली. या पिढीतील संस्थांच्या मागे देणगीदार, व्यापारी, शेतकरी व कार्यकर्ते यांचे हात होते. लोकवर्गणीचे वैशिष्ट्य असे की ती देणारा सहसा लाभार्थी नसे. ज्याच्याकडे होते त्याने, ज्याच्याकडे नव्हते त्याच्यासाठी द्यावे, हे तिचे सूत्र होते. आजच्या अनिवार्य शुल्काचे सूत्र याहून सर्वस्वी भिन्न आहे.

आयोग, अनुदान आणि 'कल्याण' :

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. मुंबई विद्यापीठाच्या प्रशासनाचा दीर्घ अनुभव असलेले एस. आर. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू. त्यांच्या येण्याने मुंबईची प्रशासकीय परंपरा या नव्या विद्यापीठाजवळ आली. 'जिमखाना' हा शब्द मात्र त्याहूनही जुन्या, इंग्रजी अमदानीतील क्लबजीवनाचा वारसा सांगतो.

राष्ट्रीय पातळीवर राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये विद्यार्थी कल्याणासाठी प्रत्येक विद्यापीठात सल्लागार मंडळ असावे, असे सुचविले होते. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. विद्यार्थी सेवा हे केवळ कल्याणकार्य नसून शिक्षणाचेच अविभाज्य अंग आहे, ही त्याची भूमिका होती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. अशा रीतीने आरोग्य, क्रीडा, मार्गदर्शन, समाजसेवा या बाबी विद्यापीठाच्या कर्तव्यात समाविष्ट झाल्या.

येथे एक विसंगती निर्माण झाली. अनुदानित महाविद्यालयांत शासनाने प्रामुख्याने शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या वेतनाची जबाबदारी घेतली. आयोगांनी ज्याला शिक्षणाचे अंग म्हटले, तो विद्यार्थी सेवांचा भाग मात्र बहुतांशी शुल्कातील स्वतंत्र शीर्षांवर सोडला गेला. शिकविणे ही शासनाची जबाबदारी आणि खेळणे, आजारी पडणे, वाङ्मयीन अंकात लिहिणे ही विद्यार्थ्याची स्वतःची जबाबदारी, अशी विभागणी कोणत्याही आयोगाने सुचविलेली नव्हती. ती लेखाशीर्षांतून घडत गेली.

नांदेड विद्यापीठ व शीर्षांची वाढ :

मराठवाडा विकास आंदोलनात १९७४ साली या प्रदेशातील विद्यार्थी अग्रभागी होते. प्रादेशिक अनुशेषाची ती जाणीव पुढेही टिकून राहिली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. लातूर येथे विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. विद्यापीठ जवळ आल्याने औरंगाबादच्या फेऱ्या वाचल्या, ही ग्रामीण विद्यार्थ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

त्याच वर्षीचा महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम हा या विद्यापीठाचा पाया होता. या अधिनियमाने विद्यार्थी परिषदेची रचना बदलली. वर्गप्रतिनिधी थेट मतदानाऐवजी गुणवत्तेच्या आधारे येऊ लागले आणि क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना इत्यादींचे प्रतिनिधी प्राचार्यांकडून नियुक्त होऊ लागले. निवडणुकांतील हिंसाचाराची पार्श्वभूमी लक्षात घेता या बदलामागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला. विद्यार्थी अनिवार्य शुल्क देत राहिला. त्या शुल्काच्या विनियोगावर बोलणारा, त्याने स्वतः निवडलेला प्रतिनिधी मात्र उरला नाही.

यानंतरच्या काळात शीर्षे वाढत गेली. राज्यपातळीवरील 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव, 'इंद्रधनुष्य' युवक महोत्सव, संगणकीकृत प्रशासनासाठी ई-सुविधा असे उपक्रम आले. प्रत्येक उपक्रम स्वतंत्रपणे पाहता उपयुक्तच आहे. नांदेड-लातूरच्या खेड्यातील मुलगा राज्यस्तरीय रंगमंचावर उभा राहतो, यामागे हजारो सहाध्यायांचे थोडे थोडे पैसे असतात. सामूहिक विमा तर सर्वांनी भरल्याशिवाय शक्यच नाही. म्हणून अनिवार्यता हीच अन्यायकारक आहे, असे म्हणता येणार नाही. २००१ नंतर नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी मिळू लागली. तेथे वेतनापासून मैदानापर्यंत सर्वच खर्च शुल्कावर आला आणि शुल्क व सेवा यांतील संबंध अधिकच धूसर झाला.

प्रत्यक्षात कोण भरते?

'अनिवार्य' या शब्दाचे खरे मोल शिष्यवृत्तीच्या नियमांत दिसते. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. तिच्या नियमांत शिकवणी शुल्काबरोबरच नोंदणी, खेळ, विद्यार्थी संघ, ग्रंथालय, नियतकालिक व वैद्यकीय तपासणी ही संस्थेस वा विद्यापीठास सक्तीने देय असलेली शुल्के प्रतिपूर्तीस पात्र मानली गेली. परत मिळणाऱ्या अनामत रकमा वगळल्या गेल्या. याचा अर्थ असा की ज्यांनी हे नियम केले, त्यांना खेळ व नियतकालिक हे चैनीचे विषय वाटले नाहीत. दलित विद्यार्थ्याने वर्गात बसावेच, पण मैदानावरही यावे व अंकातही लिहावे, हा विचार त्या एका तरतुदीत आहे.

आर्थिक दुर्बलांसाठीच्या सवलतींचा मार्ग निराळा राहिला. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी असणाऱ्या कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी देण्याचा यशवंतराव चव्हाण यांच्या काळातील निर्णय हा महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील मैलाचा दगड होय. परंतु अशा योजनांचा भर शिकवणी व परीक्षा शुल्कावर राहिला. ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४ मध्ये दिलेली पूर्ण माफीही शिकवणी व परीक्षा शुल्कापुरतीच आहे. दुष्काळी वर्षांत पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारीच्या गावांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ होते. ज्या वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी ही माफी हजारो घरांना आधार देणारी होती. तरीही इतर शीर्षांची बेरीज तशीच राहिली. 'शिक्षण मोफत' असे ऐकून आलेला पालक खिडकीपाशी अडखळतो तो नेमका येथे.

सुविधेचा वापरही सम नाही. शहरात राहणारा विद्यार्थी सायंकाळी मैदानावर असतो. बाऱ्हाळी, उदगीर किंवा औसा परिसरातील खेड्यातून रोज ये-जा करणारी विद्यार्थिनी एस.टी.च्या वेळापत्रकाशी बांधलेली असते. तिच्या दृष्टीने खरी सुविधा म्हणजे स्वच्छ प्रसाधनगृह, मुलींची विश्रांतिका आणि दुपारचे परवडणारे जेवण. पावतीवर या नावाचे शीर्ष क्वचितच आढळते.

अन्यत्रचा अनुभव :

हा पेच केवळ आपला नाही. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी संघटनांचे सक्तीचे शुल्क १ जुलै २००६ पासून कायद्याने बंद झाले. त्यानंतर अनेक ठिकाणी क्रीडा, समुपदेशन व कल्याणसेवा आक्रसल्या. परिणामी २०१२ पासून 'विद्यार्थी सेवा व सुविधा शुल्क' घेण्याची मुभा देण्यात आली. या नव्या व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत : शुल्कावर कमाल मर्यादा आहे, खर्चाची १९ प्रयोजने कायद्यात नमूद आहेत, आणि ज्यास तत्काळ भरणे शक्य नाही त्यास कर्जरूपाने ते पुढे ढकलता येते. २०२५ पासून या निधीचा किमान ४० टक्के भाग विद्यार्थ्यांच्या संघटनांकडे देणे बंधनकारक झाले आहे. सक्ती काढून टाकणे आणि सक्तीला हिशेबाची जोड देणे, या दोहोंतील फरक या अनुभवातून स्पष्ट होतो.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विद्यार्थी सुविधांचा भार या प्रदेशात लोकवर्गणीकडून शुल्काकडे सरकला. हा बदल कोणत्याही एका निर्णयाने नव्हे, तर अनुदानाच्या मर्यादांमुळे झाला. दुसरा, शीर्षे वाढत असताना विद्यार्थ्याचे प्रतिनिधित्व आकुंचन पावले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यार्थी विकास मंडळाची व थेट निवडणुकीची तरतूद केली. कागदावरील ही तरतूद निधीच्या विनियोगापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे आहे. तिसरा, शुल्कमाफीच्या योजनांनी 'इतर शुल्क' हा भाग बहुधा बाहेरच ठेवला.

उपाय आपल्या महाविद्यालयीन पातळीवरही शक्य आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य व प्रगती हा आहे. त्यासाठी आपण दरवर्षी माहिती जमवितोच. तीच माहिती, शीर्षनिहाय जमा व खर्चासह, एका पानावर सूचनाफलकावर लावता येईल. नियतकालिक वा जिमखान्याची शिल्लक त्या त्या कामासाठीच राखता येईल. खर्चाच्या समितीत ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनींना स्थान देता येईल. हप्त्याने शुल्क घेण्यासही फारशी अडचण नसावी.

हिशेब उघड झाला की शुल्क हे शुल्क राहते. तो झाकला गेला की त्याचा कर होतो. प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या पालकाला आपण सर्व रक्कम माफ करू शकणार नाही. पण तो कशाचे पैसे देत आहे, हे त्याला सांगणे आपले कर्तव्य आहे, आणि रांग कितीही मोठी असली तरी ते टाळता येणार नाही.