कवट्यांचें माप आणि इरावतीबाईंचा प्रबंध

वंश हा विषय विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील विद्यापीठांत पदवीसाठीं शिकविला जात असे. त्याचे अध्यापक होते, मापनाचीं उपकरणें होतीं, कपाटें भरून कवट्या होत्या. मात्र त्यांतील कित्येक प्रश्नांचीं उत्तरें मापें घेण्यापूर्वींच ठरलेलीं असत. अशा एका ठरलेल्या उत्तराशीं एका मराठी विद्यार्थिनीची गांठ पडली, ती बर्लिन येथें.

इरावतीबाई कर्वे यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला, शिक्षण पुण्यास. फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ सालीं त्यांनीं एम्. ए. ची पदवी मिळविली. नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता ठरवूं पाहणाऱ्या रिस्लेसाहेबांच्या सिद्धान्ताची पुढें १९३२ सालीं चिकित्सा करणारे ते हेच घुर्ये. इरावतीबाईंनीं जर्मनीस जावें हें सासरे धोंडो केशव कर्वे यांस पसंत नव्हतें. स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढणाऱ्यानें सुनेच्या विद्येस हरकत घ्यावी, हें जरा चमत्कारिकच! पण पति दिनकरराव यांचा पाठिंबा होता, आणि त्या गेल्या.

बर्लिनच्या दाह्लेम उपनगरांत मानववंश, अनुवंश व सुप्रजाजनन यांच्या अभ्यासासाठीं १९२७ सालीं कैसर विल्हेल्म संस्था निघाली होती. तिचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर. नैर्ऋत्य आफ्रिकेंतील रेहोबोथ येथील मिश्रवंशीय लोकांवर १९१३ सालीं ग्रंथ लिहून त्यांनीं नांव मिळविलें होतें. मनुष्याच्या कवटीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. ही विषमता गोऱ्या वंशांत अधिक असते व तीच त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीची खूण होय, असें फिशर यांचें अनुमान होतें. तें पडताळण्याचें काम या विद्यार्थिनीकडे आलें.

इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. कांहीं युरोपियनांच्या होत्या, कांहीं आफ्रिकेंतील वसाहतींतून जमवून आणलेल्या. विषमता सर्वत्र आढळली. पण वंशाशीं तिचा कांहींच संबंध दिसेना. परदेशांत, परक्या भाषेंत, अनुमानाच्या कर्त्याच्याच हातीं आपली पदवी असतां, निष्कर्ष थोडा सौम्य करून लिहिण्याचा मोह कोणासही झाला असता. त्यांनीं आंकडे जसे होते तसे मांडले. डॉक्टरेट मिळाली, आणि १९३० सालीं त्या स्वदेशीं परतल्या.

संस्थेची वाट मात्र या प्रबंधानें बदलली नाहीं. १९३३ सालीं फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. फ्रेंच वसाहतींतील सैनिकांपासून जर्मन स्त्रियांस झालेल्या ऱ्हाइनलंडमधील मुलांना १९३७ सालीं सक्तीनें निर्बीज करण्यांत आलें. त्यांच्या तपासणींत याच संस्थेच्या तज्ज्ञांचा हात होता. १९४२ सालीं फिशर यांच्या जागीं फर्शुअर आले. त्यांचा शिष्य मेंगेले हा ऑशविट्झच्या छावणींतून माणसांचे अवयव याच दाह्लेमला धाडीत असे. कवटीपासून निघालेली ही विद्या दहा-बारा वर्षांत कोठें जाऊन पोहोंचली, हें यावरून दिसतें.

आणि इरावतीबाई? १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होत्या. मोजपट्टी त्यांनीं टाकून दिली नाहीं. महाराष्ट्रांतील लोकांच्या शरीरमापनावर त्यांचा व दांडेकर यांचा ग्रंथ १९५१ सालीं निघाला. जो मार्ग बर्लिनमध्यें फोल ठरला त्यानेंच त्या पुनः कां गेल्या, ही शंका रास्त आहे, आणि तिचें पूर्ण समाधान होत नाहीं. एवढें खरें कीं, त्यांचा प्रश्न आतां निराळा होता. कोण श्रेष्ठ, हें त्यांस शोधावयाचें नव्हतें. एका नांवाखालीं मोडणाऱ्या पोटजाती मुळांत एकच कीं वेगवेगळ्या, हें पाहावयाचें होतें. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या शास्त्रीय ग्रंथाचा विषय तर कवटी नव्हेच. भारतांतील निरनिराळ्या प्रांतांत मामा, आत्या, नणंद, भावजय यांस काय म्हणतात व कोणाचें लग्न कोणाशीं होतें, याचा तो शोध आहे.