न मोडलेलं टोक

परवा पुण्याच्या भाच्याचा फोन आला. "मावशी, तू रेकॉर्डिंगसाठी टॅब घेणार आहेस म्हणे. आईकडून कळलं. कोणता घ्यायचा ते मी बघून सांगतो, तू दुकानात जाऊ नकोस." मी म्हटलं, "अरे, मी दुकानात जाऊन आले सुद्धा!" तिकडून एकदम शांतता. पंचाहत्तरीला टेकलेल्या मावशीने परभणीच्या बाजारात एकटीने जाऊन टॅब आणावा, हे काही त्याला पचेना.

त्यानंतर नात्यातल्या चारपाच जणांनी तेच विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पण पडले जन्माची मास्तरीण, त्यामुळे टॅबच्या प्रश्नाचं उत्तर भोंग्यापासून सुरू होणार. धीर धरा.

आधी कारण सांगते. गेल्या वर्षापासून मी एका मुलीसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. ती दृष्टिहीन आहे, बी.ए. झाली आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. तुम्ही म्हणाल, आता कॉम्प्युटर मराठीसुद्धा वाचून दाखवतो की! दाखवतो, पण अक्षरं त्याला ओळखता आली तर. नोट्सचे नुसते फोटो काढलेले असले किंवा पुस्तक युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधलं असलं की तो भलतंच काहीतरी बडबडतो. नकाशा आणि तक्ता तर शब्दांतच समजावून सांगावा लागतो. यात कायद्याची आडकाठीही नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अपंगांसाठी त्यांना वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायला परवानगी मिळाली. दृष्टिहीनांच्या पुस्तकांविषयीचा माराकेश करार २०१४ साली सगळ्यांत आधी मंजूर करणारा देश आपलाच.

पहिले दोन धडे मी मोबाईलवर वाचून पाठवले. तिचा निरोप आला, "बाई, तुमचा आवाज लांबून येतो आणि पंखा लई वाजायलाय." पस्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेली मी, आणि मला हे ऐकावं लागलं! मग मी जरा खोलात शिरले.

आता भोंगा. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गायसबर्ग नावाच्या माणसाला कलकत्त्याला पाठवलं. त्याने नोव्हेंबर महिन्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. वेळ सुमारे तीन मिनिटं, त्यात ख्याल बसवायचा! गाणं संपलं की गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगायची, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना ही कोण गाते आहे ते कळायला हवं होतं.

या यंत्रापुढे ज्याचा आवाज खणखणीत तोच टिकायचा. हळू गाणारा, गुणगुणणारा माणूस यंत्राच्या लेखी नव्हताच. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि हळुवार आवाजालाही किंमत आली. अब्दुल करीम खाँसाहेबांचा तो नाजूक, तारेसारखा सूर १९३०च्या दशकातल्या रेकॉर्डवर आपल्याला ऐकू येतो तो त्यामुळेच. आपलं भावगीतही याच काळात बहरलं. कानाशी बोलल्यासारखं गाणं भोंग्यात कसं गायचं, सांगा!

पण ही सगळी मुंबई-पुण्याची, कलकत्त्याची गोष्ट. आपल्या परभणीकडे आवाज आला तो ऐकण्यापुरता. वडील सांगायचे, १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने रेडिओवरून शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं तेव्हा रेडिओ असलेल्या एकुलत्या एका वाड्यासमोर अख्खी गल्ली उभी होती. माझ्या लहानपणी, १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' झालं. आम्हाला मात्र ते पुढे कितीतरी वर्षांनी नीट ऐकायला मिळालं. नंतर घरी रेडिओ आला आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरच्या बातम्यांत सुधा नरवणे यांचा आवाज आला की शाळेची गडबड सुरू व्हायची. आपला आवाज कुणी साठवून ठेवावा, असं मात्र आमच्या मनातही कधी आलं नाही.

मग परभणीलाच आकाशवाणी केंद्र झालं. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागायचं. १९८३ साली मला तिथे महिलांच्या कार्यक्रमात दहा मिनिटांचं भाषण मिळालं. दोन जाडजूड दरवाजे, भिंतींना भोकाभोकांचे बोर्ड, लाल दिवा आणि काचेपलीकडे फिरणारी स्पूलची मोठी चाकं. तिथल्या साहेबांनी मला चार गोष्टी सांगितल्या. कागदांना टाचणी नको, एकेक सुटा ठेवा म्हणजे उलटताना वाजणार नाही. माइकपासून तोंड एक वीत लांब ठेवा. 'प', 'फ', 'भ' आला की वारा माइकवर आदळतो, म्हणून तोंड किंचित तिरकं ठेवा. आणि चौथी, "बाई, बांगड्या काढून ठेवा." सवाष्ण बाईने हात मोकळे कसे करायचे? शेवटी दोन्ही हातांना रुमाल गुंडाळून बसले. भाषण छान झालं. ही चार वाक्यं माझ्या पुढे इतकी उपयोगी पडतील, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

त्याच सुमारास घरात टू-इन-वन आला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ती छोटी कॅसेट आपल्याकडे १९८०च्या दशकात घरोघर पोचली. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांची मक्तेदारी संपली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, भीमगीतं, कीर्तनं, सगळं बसस्टँडवरच्या टपऱ्यांवर मिळू लागलं. आणि मुख्य म्हणजे, लाल बटण दाबून कुणालाही कुणाचाही आवाज घेता येऊ लागला.

१९८६च्या दिवाळीत मी आईच्या ओव्या घेतल्या. तोवर गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला होता, पण आई जुन्या जात्यापाशी बसली, खुंट्याला हात लावला आणि गाऊ लागली. अर्धा तास गायली. मी कॅसेटवर पेनने 'आई' असं लिहिलं.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची दोन छोटी टोकं असत, दोन्ही बाजूंसाठी एकेक. ते मोडलं की त्या बाजूवर परत रेकॉर्डिंग होत नसे. मी मोडलं नाही. म्हटलं, आईला अजून काही आठवलं तर पुढे घेता येईल. १९८८च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी कॅसेट हवी होती. घाईघाईत समोरच्या ढिगातली एक उचलली. वरचं लिहिलेलं पुसट झालं होतं, की मीच पाहिलं नाही, आता काय सांगू? १९९१ साली आई गेली. तेराव्यानंतर मी कॅसेट लावली, तर लोकमान्य टिळकांवर एकामागून एक सात भाषणं! त्यांचं संपल्यावर खरखर, आणि मग शेवटी शेवटी आईचं एक वाक्य उरलेलं, "बंद कर गं आता, सैपाक राहिलाय." तेवढंच.

दोष कुणालाच देता येत नाही. यंत्राने टोक दिलं होतं, मी मोडलं नाही.

याच नव्वदच्या दशकात, आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसला, काही माणसं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगीताच्या आणि कॉम्प्युटरच्या अभ्यासकाने त्यांतल्या कितीतरी डिजिटल टेपवर घेतल्या. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांत आहे. २०१७पासून 'पारी' या संस्थेने हा सगळा ठेवा इंटरनेटवर खुला केला. मी गंगूबाईंच्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या ऐकल्या आणि बराच वेळ बसून राहिले. भोंग्यापुढे हा आवाज टिकला नसता. आकाशवाणीच्या दोन दरवाजांपर्यंत तो पोचला असता की नाही, कोण जाणे. तो राहिला, कारण कुणीतरी त्यांच्या दारी गेलं, शांतपणे ऐकलं, आणि मुख्य म्हणजे नंतर वीस वर्षं नीट सांभाळून ठेवलं.

तर आता टॅब! एवढा इतिहास उगाळून मला जे कळलं ते असं. खणखणीत गळा हवा, स्टुडिओ हवा, ओळख हवी, या जुन्या अटी आता राहिल्या नाहीत. कोणताही बरा टॅब आवाज घेतो. उरल्या दोनच गोष्टी, शांतता आणि सांभाळणं. मी खरेदी केली ती याच दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून.

टॅब घेतला कारण लॅपटॉपच्या पोटात बहुधा पंखा असतो, टॅबमध्ये नसतो. पडदा दहा इंची, म्हणजे मोठ्या अक्षरात मजकूर त्यावरच वाचता येतो आणि कागद वाजत नाही. महागातला घेतला नाही, वाचलेले पैसे कॉलरला लावायच्या माइकवर घातले. टॅबचा स्वतःचा माइक सगळ्या खोलीचं ऐकतो, कॉलरचा माझं ऐकतो. माइक घेताना मात्र फसले. त्याच्या पिनेवर तीन भाग होते आणि टॅबच्या भोकाला चार भागांची पिन लागते. जोडणी बदलायचा छोटा तुकडा आणावा लागला. घेण्याआधी पिन बघा, आणि नुसती टाइप-सीची जागा असेल तर त्याच पिनेचा माइक घ्या. विमानाचं चिन्ह दाबून फोन-निरोप बंद करायचे. आवाजाची रेघ दाखवणारं रेकॉर्डिंगचं ॲप घ्यायचं, म्हणजे मोठ्याने बोललं तर रेघ लाल होते आणि कळतं. वेव्ह प्रकारात एका बाजूचा आवाज घेतला, तर तासाला सुमारे ३१८ एमबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या टॅबमध्येही शंभर तासांच्या वर बसावं. मुलीला पाठवताना एमपी-थ्री करून तीस एमबीच्या आत आणते.

आणि शांतता? परभणीच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून बसणं म्हणजे तप! खिडकीला आईच्या हातची गोधडी टांगली, समोरच्या भिंतीला दुसरी. आवाज घुमायचा एकदम थांबला. आकाशवाणीच्या भोकाभोकांच्या बोर्डांचं काम गोधडीने केलं. दुपारी वीज गेली की मला आनंद होतो. गल्लीतले सगळे कूलर थांबतात आणि टॅब बॅटरीवर चालतो. बांगड्या आताशा दोनच आहेत, त्याही रुमालाखाली.

सांभाळण्याचं म्हणाल, तर टॅबला मोडायचं टोक नाही. म्हणून प्रत्येक धडा त्याच संध्याकाळी तीन ठिकाणी जातो, टॅबवर, पेनड्राइव्हवर आणि भाच्याने उघडून दिलेल्या ऑनलाइन खात्यात. फाइलला नाव आणि तारीख आधी, चहा नंतर. त्या खात्यात सगळ्यांत वर एक सहा सेकंदांची फाइल आहे. तिचं नाव 'आई'.

गेल्या आठवड्यात मुलीचा निरोप आला, "बाई, आता पंखा नाही. पण मधेच कुठंतरी भांडं पडल्यावानी वाजलं." तो धडा आज परत वाचायचा आहे. वीज आत्ताच गेली आहे, तेव्हा इथेच थांबते.