बैलाला सोमवार, गिरणीला रविवार



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत आरोग्यावर बोलणं चाललं होतं. वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या, पाणी भरपूर प्या, असं आलेल्या ताई सांगत होत्या. मागं बसलेली एक जण म्हणाली, "ताई, हे सगळं कळतंय. पण कधी, तेवढं सांगा की." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. कधी? याच एका शब्दासाठी मुंबईत एकदा दहा हजार माणसं मैदानात जमली होती. आज ती गोष्ट सांगते.

आधी आपल्या गावातलंच बघा. जुनी माणसं सोमवारी बैलाला औत लावत नसत. सोमवार महादेवाचा, आणि नंदी त्याच्या दारातला. देवाचं नाव पुढं केलं तरी आत शहाणपण शेतकऱ्याचं होतं. सहा दिवस ओढलेल्या जनावराला एक दिवस दिला नाही तर ते सुगीपर्यंत टिकत नाही. आणि हा दिवस अख्ख्या गावाचा ठरलेला असे, त्यामुळं 'शेजाऱ्याचं रान नांगरून झालं, माझंच राहिलं' अशी चुटपूट कुणाला लागत नसे.

मुंबईला मात्र अशी रीत नव्हती. तिथं 1854 साली पहिली कापड गिरणी उभी करायचं ठरलं आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत चिमण्यांचं रान उगवलं. सातारा, रत्नागिरी, पुणे, नगर या भागांतून माणसं कामाला गेली. तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम सूर्यावर चाले. दिवस उगवला की भोंगा आणि मावळला की सुटका. थंडीत दिवस लहान म्हणून काम जरा कमी, उन्हाळ्यात तेच तेरा-चौदा तासांवर जाई. बायका बहुतेक सूत गुंडाळायच्या आणि सुताच्या लडी करायच्या खात्यात असत. त्यांना पैसे केलेल्या कामावर मिळत. म्हणजे भाकरी खायला उठलं तर तेवढी कमाई बुडाली. मग भाकरी यंत्राशेजारीच, कापसाचा भुरका उडतोय त्यातच, चार घास तोंडात टाकून व्हायची. साप्ताहिक सुट्टी अशी नव्हतीच. मोठा सण आला तर गिरणी बंद. मधूनच एखाद्या रविवारी यंत्रं थांबायची, पण ती पुसायला आणि साफ करायला पुन्हा माणसांनाच यावं लागे.

या माणसांच्या बाजूनं उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जन्म 1848 सालचा, ठाण्याचा. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून ते गिरणीत स्टोअरकीपर झाले होते, त्यामुळं आतलं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. महात्मा जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. 1880 पासून 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र ते मुंबईहून चालवत होते. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या.

मागण्या ऐका. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. दुपारी जेवायला अर्धा तास मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळताना संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत पगार चालू राहावा.

इतिहासाच्या पुस्तकात याला कामगार चळवळ म्हणतात आणि ते खरंच आहे. पण मला ती आपल्या बैठकीतल्या ताईंचीच यादी वाटते. जेवण वेळेवर, झोप पुरेशी, आठवड्यात एक दिवस विसावा. फरक एवढाच की 'तू वेळेवर जेव' असं त्यांनी कामगाराला सांगितलं नाही, यंत्र बंद करा असं मालकाला सांगितलं. पगाराची मागणी आरोग्याशी जुळत नाही असं वाटेल. पण पगार दोन-दोन महिने अडकला की वाणी उधारीवर देईल तेच धान्य आणि देईल तेवढंच घरात येतं. हे तुम्हाला मी सांगायला नको.

मालकांनी लगेच ऐकलं नाही. सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सभा भरली आणि सुमारे दहा हजार कामगार आले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. जरा डोळ्यांसमोर आणा. साल 1890. ध्वनिक्षेपक नाही. दहा हजार माणसं, त्यात बहुतेक पुरुष, आणि समोर लडी करणाऱ्या हातांच्या दोन बाया. आपल्यात अजून आभार मानायची वेळ आली की एक दुसरीला ढकलते!

10 जून 1890 ला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वारही रविवारच, त्यामुळं देशावरच्या माणसांना तो दिवस परका वाटला नसणार. पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, सरकारनं कारखान्यांचा कायदा बदलला. आठवड्याची सुट्टी त्यात आली. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणं बंधनकारक झालं. बायकांचं काम दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास, आणि त्यात दीड तास विश्रांती. अकरा तासही थोडे नव्हेत. तरी भोंगा झाला की खात्यातली सगळी यंत्रं एकदम थांबणार, ही गोष्ट मोठी होती. एकटीनं उठून जेवायला जायचं तर मन खातं, शेजारीण काय म्हणेल असं वाटतं. सगळ्याच जणी उठल्या तर कुणाला काही वाटत नाही. चांगली सवय म्हणतात तिला निश्चयापेक्षा अशी सगळ्यांची मिळून ठरलेली वेळ जास्त लागते, असं मला तरी दिसतं.

आता यातली दुसरी बाजू. रविवार मिळाला, पण चाळीतल्या खोलीत त्या बाईचा रविवार कसा जायचा? नळावरची रांग, आठवड्याचं धुणं, गावाकडून आलेला पाहुणा. गिरणी थांबली तरी चूल थांबली नाही. आणि लेकरांचं काय? तान्ह्याला घरी ठेवून कामावर जायचं म्हणून अफूची बाळागोळी देऊन निजवायची रीत होती. वाईट आया होत्या म्हणून नव्हे. बाळंत झाल्यावर घरी बसायला पगार नव्हता म्हणून.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या कामातून मालकाला फायदा होतो तर हा खर्च काही अंशी त्यानं सोसावा, असं त्यांनी मांडलं. 1929 मध्ये कायदा झाला. सात आठवड्यांपर्यंत रोज आठ आणे मिळू लागले. पुढं नवी यंत्रं आली, आणि बायकांसाठी असे खर्च करावे लागतात म्हणून मालक त्यांना कामावर घ्यायचेच टाळू लागले. गिरणीतल्या बायका कमी कमी होत गेल्या. हेही सांगायला हवं.

आपण तर गिरणीतल्या नाही. खुरपणीला भोंगा नाही. पण 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामावर पिण्याचं पाणी, विसाव्याला सावली, लहान मुलांना सांभाळायची सोय, आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही आणि मजुरी पंधरवड्याच्या आत, असं लिहिलेलं होतं. 1884 चा तो अर्ज शेजारी ठेवून वाचा, शब्द ओळखीचे वाटतील.

लोखंडे 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत वारले. रविवार मिळून तेव्हा पुरती सात वर्षंही झाली नव्हती.

आमच्या गटाची बैठक आजवर रात्री नऊला व्हायची, म्हणजे सगळ्यांची जेवणं आणि भांडी उरकल्यावर. हप्ते मोजून झोपायला अकरा वाजायचे आणि पहाटे पाचला परत चूल. तो 'कधी'चा प्रश्न आल्यावर आम्ही बैठक रविवारी दुपारी दोनला घ्यायची ठरवली. पहिल्या रविवारी पंधरातल्या नऊ जणी आल्या. दोघींच्या घरातून विचारणा झाली की भर दुपारी कसली बैठक. एकीनं सांगितलं, "गिरणीला सुट्टी असते ना, तशी." येत्या रविवारी परत दोनलाच आहे. भाकरी बांधून आणायची आणि तिथंच सगळ्यांनी मिळून जेवायचं, असं ठरलंय.